वाकळी, गाद्या, उशा: तुमच्या घरी कसं निभावता?

ओसरीवरून (दारव्हा तालुका)

मागच्या रविवारी आमच्या मशीनचा बेल्ट जळाला. कारण, एक वाकळ.

सासूबाईंनी शिवलेली. चार जुनी लुगडी एकावर एक, कडेला मामंजींच्या धोतराची पट्टी. कोरडी असताना काट्यावर टाकली तर साडेतीन किलो. मशीन साडेसहा किलोचं, म्हणजे आरामात बसेल असा माझा हिशोब. पाणी प्यायल्यावर तिला उचलायला दोघं लागलो. अर्धी स्पिनरमध्ये कोंबली, तर धडधड करत मशीन न्हाणीच्या दारापर्यंत चालत आली आणि मग जळका वास. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, ते किलो कोरड्या आणि मोकळ्या कपड्यांचे असतात. सगळा गोळा एका अंगाला बसला तर ती बिचारी काय करणार?" सासूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नदी काही मोडत नव्हती, बाई."

पितृपक्ष सुरू झालाय. घट बसायच्या आत दोन वाकळी, चार गाद्या, सात उशा आणि दिरांनी पुण्याहून आणलेलं एक जाडजूड कंफर्टर, एवढं सगळं निपटायचंय. नळ तीन दिवसांआड येतो. व्हिडिओतले उपाय नकोत. तुमच्या घरात खरंच जे झालं ते लिहा, फजिती असली तर आणखी बरं.

पऱ्हाटी (राळेगावकडचा)

ताई, वाकय वेगळी न् गादी वेगळी, हे आधी ध्यानात घ्या. वाकय म्हंजे नुसतं कापड, ते धुतल्या जाते. गादी-रजईत कापूस हाय. त्याले पानी लागलं का तो गोया होऊन बसते.

आमच्या घरी एक साल बायकोनं रजई टाक्यात बुडवली. मी वावरात होतो, नाही तं बुडवू देतो का? चार दिवस बाजीवर टाकली. वरून हात लावा तं कोरडी खडखडीत. आठव्या दिवशी अंगावर घेतली तं असा कुबट वास का पोट्टे उठून पयाले. उसवून पायलं तं मधात कापूस वलाच, न् त्याच्यावर काये काये ठिपके. दोन किलो कापूस उकिरड्यावर गेला. घरचा होता म्हनून बरं.

आमच्याकडं गादीत शेवटच्या वेच्याची कवडी, म्हंजे हलका कापूस, भरते. बाजारात तिले कोनी इचारत नाही, गादीत चालून जाते. आधी पिंजारी गावात येत जाय, आंगनात बसून धनुकलीनं कापूस पिंजे. तातीचा तो टणटण आवाज आला का आमी शायेतून पयत येवो. आता तालुक्याले मशीन हाय, तिथं नेऊन पिंजून आनतो, दोन-तीन सालातून एकदा, एप्रिलात. गादी साफ करनं म्हंजे तेच: उसवा, कापूस ऊन द्या, पिंजा, खोय धुवा, परत भरा. मधल्या टायमात ऊन न् काठी. काठी मारताना तोंडाले दुपट्टा बांधा, नाही तं दोन दिवस शिंकत बसान.

खारपाण (दर्यापूर)

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण आमच्याकडे वाकळ धुणंही सोपं नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी आमचा खारपाणपट्टा. विहीर असो की बोअर, पाणी खारट. लग्न होऊन आले त्या वर्षी साबणाची वडी घेऊन वाकळीवर बसले. अर्धी वडी झिजली तरी फेस नाही. पाण्यावर नासलेल्या दुधासारखा थर आला आणि तोच सगळा कापडात जाऊन बसला. वाळल्यावर वाकळ पापडासारखी कडक. पावसाळ्यात तर न भिजताही ओलसर लागायची, कारण कापडात राहिलेला खार हवेतली ओल ओढतो.

आता असं करते. आधी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवते, मग पावडर. वडी नाहीच, जड पाण्यात वडीपेक्षा पावडर बरी चालते. सोड्यात उघडे हात घालू नका, माझ्या बोटांची सालं निघाली होती. आणि शेवटचं खंगाळणं पावसाच्या पाण्यात. टिनाच्या पन्हाळीखाली दोन ड्रम लावून ठेवलेत, पहिला पाऊस वाहू देते, पुढचा धरते. एका वाकळीला दीड ड्रम लागतो. शेजारीण म्हणते, "पावसाचं पाणी लोक प्यायला धरतात, तू धुण्याला!" म्हणू दे.

लहान लेकरांच्या दुपट्यांना मात्र रिठा. बिया काढून रात्रभर भिजवायचा, सकाळी उकळून गाळायचा. त्याचा फेस आमच्या पाण्यातही येतो.

बिछायतवाला (पुसद)

माझा धंदाच हा. दीडशे गाद्या, तितक्याच उशा, चादरी वेगळ्या. लग्नाच्या सीझनमध्ये एक गादी महिन्यात आठ घरं फिरून येते. त्यामुळे माझा नियम: गादीला दोन खोळी. आतली शिवून बंद, बाहेरची नाडीची. बाहेरची दर लग्नानंतर उतरते, आतली वर्षातून एकदा.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती हळद. नवरदेवाला हळद लागते आणि पाहुण्यांची लेकरं तेच हात घेऊन गादीवर लोळतात. नवीन पोरगा ठेवला होता, त्यानं पिवळ्या डागावर साबण घासला तर डाग लालभडक झाला. घाबरला बिचारा, म्हणे रक्त लागलं. हळदीला सोडा-साबण लागला की ती लाल होतेच. एकदा धुऊन ओली खोळ तशीच कडक उन्हात टाकायची. एप्रिलच्या उन्हात दोन दुपारी पुरतात, हळद उन्हापुढं टिकत नाही. हळदीचा डाग नसलेली चादर मात्र सावलीत, रंगीत असेल तर उलटी करून.

रक्ताचा डाग असेल तर थंड पाणी, लगेच. गरम पाणी घातलं की तो कायमचा. हे मी लग्नाच्या धंद्यात नाही, घरी शिकलो.

उपकेंद्रावरची

मी नर्स आहे, गावाचं नाव लिहीत नाही. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली, खरूज. एका घरात सात माणसं, दोन गाद्यांवर झोपायची. मलम दिलं, पंधरा दिवसांनी परत सगळे खाजवत हजर. मलम लावलं होतं फक्त ज्याला जास्त खाज होती त्यानं. ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं, खाज असो वा नसो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण-पांघरूण, कपडे सगळं गरम पाण्यात. हात घालवत नाही इतकं गरम. गादी धुता येत नाही ना? मग ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तोंड बांधून तीन दिवस बाजूला ठेवायची. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर सहसा जगत नाही. त्या घरच्या आजींनी गादी खताच्या पोत्यांत भरली होती, तीही न धुतलेल्या. तेवढं करू नका. मंडपाचं साधं प्लास्टिक मीटरवर मिळतं.

दुसरी, डांबर गोळ्या. बाळंतिणीसाठी वर्षभर पेटीत ठेवलेली दुपटी काढतात आणि तशीच बाळाला गुंडाळतात. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. त्यांच्यात या गोळ्यांच्या वासानंही रक्तपेशी फुटतात आणि कावीळ चढते. कुठल्या बाळाला ते आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळ्या नकोतच. ठेवल्याच असतील तर दोनदा धुऊन, उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. आमच्याकडे सगळ्या जणी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात. त्यानं कसर किती थांबते हा वाद आहे, पण बाळाला त्रास झालेला मी पाहिला नाही.

टिनाखाली

नर्सताई, ढेकणांचं पण लिहा ना. माझा भाऊ दोन वर्षं सुरतला होता. दिवाळीला आला आणि बॅगेतून ढेकूण घेऊन आला. आम्ही गाद्या उन्हात टाकल्या, तरी रात्री तेच.

उपकेंद्रावरची

गादी नुसती टाकली तर वरची बाजू तापते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला उतरतो. तो काही वेडा नाही. त्याची अंडीसुद्धा मरायला पन्नासच्या वर तापमान सगळ्या गादीत पोचावं लागतं. गादी काळ्या प्लास्टिकमध्ये बंद करून मे महिन्यात स्लॅबवर किंवा टिनावर टाका, दुपारी उलटवा, सलग तीन-चार दिवस. खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. आणि हात जोडून सांगते, पऱ्हाटीवरचं, म्हणजे कपाशीवरचं, फवारणीचं औषध गादीवर मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती जण गेले ते आपण पाहिलंय. ते तर उघड्या वावरात होते. तुम्ही त्यावर तोंड टेकवून झोपणार.

टिनाखाली

मारलं होतं. एकदा. डोकं दुखून उलट्या झाल्या, तेव्हा वाटलं पित्त झालं असेल.

काटसावर (गडचिरोली)

उशांवर कोणीच बोललं नाही. आमच्याकडे उशीत काटसावरीच्या झाडाचा कापूस. फेब्रुवारीत लाल फुलं येतात, उन्हाळा चढला की बोंडं फुटतात आणि रस्ताभर कापूस उडतो. आई पहाटे जाऊन बोंडं फुटायच्या आत वेचून आणते, टोपलीवर लुगडं झाकून वाळवते, नाहीतर घरभर. या कापसाची उशी इतकी हलकी की लेकरू फेकून मारतं तरी लागत नाही.

ती मी धुतली. शहरातून शिकून आले होते, स्वच्छतेचं वारं अंगात होतं. पाण्यात टाकली तर बुडेचना! बदकासारखी वर. मी दाबून, पिळून बुडवली. वाळल्यावर आतलं सगळं भुग्यासारखं एका कोपऱ्यात. तो धागा तुटका आणि मेणचट, पाणी सोसत नाही आणि पिळणं तर मुळीच नाही. आईनं काही न बोलता उशी उसवली, भुगा चुलीमागं टाकला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला गुंडाळलेलं लुगडं उशाला दिलं. शिक्षाच ती. आता उशीला आत एक जाड मांजरपाटाची खोळ, वर अभ्रा. नवरा डोक्याला बदामाचं तेल चोपडून झोपतो, म्हणून अभ्र्यावर आणखी एक जुना टॉवेल. तो दर दोन दिवसांनी धुते, उशी फक्त उन्हात.

एक आई (मोर्शी)

मुलगा सात वर्षांचा, अजून कधी कधी रात्री अंथरूण ओलं होतं. गादीवर खाली मेणकापड, वर जुनी सतरंजी, वर चादर. सकाळी कोणी उठायच्या आत चादर साध्या पाण्यातून काढते, मगच पावडर. आधी गरम पाणी घातलं की वास बसतो. गादीला लागलंच तर जुन्या कापडानं दाबून टिपते, घासत नाही, वर खायचा सोडा भुरभुरून वाळल्यावर झटकते. तो शाळेत गेल्यावरच गादी आंगणात काढते, शेजारची पोरं बघतात म्हणून.

बिछायतवाला (पुसद)

ताई, माझा धाकटा नऊ वर्षांचा होईपर्यंत करायचा. आता बारावीला आहे. गादी मागच्या अंगणात टाकत जा.

खारपाण (दर्यापूर)

ओसरीताई, कंफर्टरचं राहिलं. आमच्या वहिनीकडे आहे. आत फायबर असेल तर ते फार पाणी धरत नाही, अर्ध्या दिवसात वाळतं. मोठ्या टपात पायानं तुडवून धुवा, पावडर नेहमीच्या निम्मी, नाहीतर आतला फेस निघता निघत नाही. पिळू नका, बाजीवर निथळू द्या. अर्धवट वाळल्यावर दोन्ही हातांनी थापटून गोळे मोडा. आधी लेबल बघा मात्र.

ओसरीवरून (दारव्हा तालुका)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आम्ही वावरात होतो.

मोटारीवर वाकळी धुवायच्या असं ठरलं. पण या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची. मग नवऱ्यानं रात्री हौद भरून ठेवला आणि सकाळी सहाला आम्ही बैलबंडीत वाकळी, सोडा, पावडर आणि सासूबाईंना घालून निघालो. हौदाशेजारी ताडपत्री अंथरली, त्यावर वाकळ आणि त्यावर आम्ही दोघं, नाचल्यासारखे. पहिलं पाणी चहासारखं निघालं. तिसरं निघालं तेव्हा लुगड्याचा हिरवा काठ दिसला. तो हिरवा आहे हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं.

पिळायला टोकाला दोघं उभे राहिलो, तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सासूबाईंचा आवाज आला, "पिळू नका, धावदोरा तुटते. बंडीच्या साटीवर टाका, आपोआप गयते." टाकली. तासाभरात खाली पाण्याचं थारोळं. मग दोन्ही वाकळी धुऱ्यावरच्या तुराट्यांवर पसरल्या. पऱ्हाटीवर टाकू दिल्या नाहीत, म्हणे बोंडं फुटली आहेत, कापूस चिकटेल. अकराला आभाळ आलं, सगळे वर बघत बसलो, आणि सरकलं.

गाद्यांना हात लावला नाही, त्यांच्या खोळी काढल्या. कंफर्टरचं लेबल दिरांनी कापून टाकलंय, टोचते म्हणून. ते अजून तसंच पडलंय.

एका वाकळीची धोतराची पट्टी एका जागी सुटली. संध्याकाळी सासूबाईंनी सुईत दोरा ओवून मागितला, पांढराच हवा म्हणाल्या. त्यांना आता नाकं दिसत नाही.