मदत हवी आहे: जुहू विमानतळाचा स्थानिक आर्थिक वाटा कसा मोजायचा?

जुहू विमानतळ (1928) परिसराच्या अर्थकारणाला किती देतो, याचा अंदाज बांधतो आहे. तिथलं मुख्य काम हेलिकॉप्टरचं, त्यात समुद्रातल्या तेलक्षेत्राची ने-आण मोठी. त्यामुळे पर्यटकांच्या खर्चावर बेतलेली नेहमीची पद्धत इथे लंगडी पडते.

पगार, देखभाल, इंधन, जागाभाडं असे थेट खर्चाचे गट पाडलेत. उलाढाल आणि मूल्यवर्धन (उलाढालीतून बाहेरून घेतलेला माल-सेवा वजा) वेगळे ठेवलेत, बेरीज केली की दुहेरी मोजणी होते. गाडी अडलीय गुणकावर, म्हणजे एका रुपयाच्या थेट खर्चातून एकूण किती रुपयांची उलाढाल होते त्या आकड्यावर. तो ज्यातून काढायचा ते पुरवठा-वापर तक्ते (कोणतं क्षेत्र कोणाकडून काय घेतं, याचे) देशपातळीचे. तो गुणक तसाच लावला तर परराज्यात जाणारा पैसा मुंबईच्या नावावर चढतो. रोजगारावरून स्थान-गुणोत्तर (एखाद्या क्षेत्राचा जिल्ह्यातला वाटा भागिले देशातला वाटा) काढून तो खाली आणला, पण उपनगर जिल्ह्याचं हवाई वाहतुकीचं गुणोत्तर शेजारच्या मोठ्या विमानतळामुळेच फुगलेलं!

सर्वेक्षणाला पैसे नाहीत, फक्त सार्वजनिक आकडे. इमारतींच्या उंचीवरच्या निर्बंधांची किंमत वेगळी मांडणार आहे, ती इथे नको.

मग हवाई वाहतुकीऐवजी यंत्रदुरुस्ती क्षेत्राचं गुणोत्तर वापरावं का? आणि हेलिकॉप्टर देखभालीच्या खर्चात सुटे भाग वगळून स्थानिक वाटा किती धरता?