कन्नड घाटात गाडी दमते, मदत हवी आहे

राम राम मंडळी. चाळीसगावहून लिहितोय. २००४ सालची डिझेल गाडी आहे. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा) आहे, ती हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, डिझेलचा पंप मेकॅनिकल. म्हणजे रीमॅपचा, कॉम्प्युटरवरून इंजिनाची सेटिंग बदलायचा, प्रश्नच नाही. जळगावपर्यंत सपाटीला तक्रार शून्य, पण पाच माणसं घेऊन कन्नड घाट चढायचा म्हटलं की दुसऱ्या गिअरवरच रडते.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले. टर्बोच्या रबरी होजला चीर होती, ती बदलल्यावर थोडा जीव आला.

मिस्त्री म्हणतो, पंपाचा स्क्रू जरा फिरवू, मग बघा कशी पळते. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर अन् पिस्टनला ताप, एवढं मलाही कळतं. त्यात आपल्याकडचा मे महिना!

तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासू, की डिझेल फवारणारे नोझल अन् पंप कॅलिब्रेट, म्हणजे मापात सेट, करून घेऊ? अशा जुन्या गाडीला कुणी बाहेरून इंटरकूलर बसवलाय का? चढावर खरंच फरक पडतो? पीयूसीला धूर आडवा यायला नको. धुळे-जळगावकडे पंपाचं काम नीट करणारं कुणी असेल तर सांगा. घरचे म्हणतात विकून टाका, पण कापसाच्या पैशातून घेतलेली पहिली गाडी आहे हो.