आग विझवणाऱ्यांचं कंपोझिट सिलिंडर डायव्हिंगला घ्यावं का?

वैनगंगाकाठचा (पवनी):
आमच्या गावच्या शोध-बचाव पथकाला एक कारखाना अग्निशमनाची चार जुनी कंपोझिट सिलिंडरं फुकट देतोय. ६.८ लिटर, ३०० बार दाब, आत ॲल्युमिनियमचं अस्तर, वरून कार्बन फायबर. रिकामं सिलिंडर जेमतेम चार किलो, आणि आम्ही भाड्यानं आणतो ते ॲल्युमिनियमचं ११ लिटरवालं चौदा किलो. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत भागात गाडी सोडून दीड किलोमीटर चिखल तुडवायचा असतो, म्हणून पोरं खूश आहेत. तरी माझं मत आहे की घेऊ नये.

काल एक रिकामं सिलिंडर विहिरीत दाबून सोडलं. लगेच वर आलं. याच विहिरीत मी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो, तोच आठवला. मग दोरीनं शिसं बांधत गेलो, तेव्हा कुठं साडेचार किलोला ते खाली बसलं. जमिनीवर वाचलेलं वजन शेवटी कमरेला येणारच. आणि तो शिशाचा पट्टा दहा मीटरवर निसटला तर? माणूस बुचासारखा वर येतो. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट होते. घाबरून श्वास रोखला तर फुफ्फुसं फाटतात.

साकोलीकर:
भाऊ, हिशेब अर्धाच मांडून राहिले तुम्ही. शिसं दोघा-तिघांत वाटून नेता येतं, चौदा किलोचं सिलिंडर वाटता येत नाही. पट्टा निसटायची भीती असेल तर थोडं शिसं सिलिंडरच्या पट्ट्यालाच पक्कं बांधा. कार्बनला लागून असलेलं ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात गंजतं हे खरं, पण आपलं पाणी गोडं आहे. आमच्याकडं मामा (माजी मालगुजारी) तलावात पोरगं बुडालं तेव्हा सामान काठावर पोचवण्यातच पाऊण तास गेला. त्याची आई पाळीवर बसून होती. हलकं सिलिंडर असतं तर आम्ही आधी उतरलो असतो, एवढंच मला कळतं.

मीना (चंद्रपूर):
दाबाच्या टाक्या तपासणं हे माझं रोजचं काम आहे. साकोलीकर दादा, तुमची तळमळ समजते, पण तुमच्या जवळपास ३०० बारपर्यंत भरणारा कंप्रेसर आहे का? २०० बारच भरलं तर हवा झाली १३६० लिटर. पन्नास बार राखीव ठेवा, उरली हजारेक. गाळात चाचपडणारा माणूस मिनिटाला तीस लिटर ओढतो, दहा मीटरवर त्याचे साठ होतात. म्हणजे सतरा मिनिटं. भाड्याच्या सिलिंडरात तेवढ्याच दाबाला सत्तावीस-अठ्ठावीस मिळतात.

दुसरं म्हणजे मार. पोलाद चेपलं तर दिसतं. फायबर मात्र दगडावर आपटून आतून तुटलं तरी वरून एखादी पांढुरकी रेघ दिसते, कधी तीही नाही. वरचा थर तडकला की पाणी आत झिरपतं, गोडं असलं तरी. हे सिलिंडर बनवणाऱ्यानं पाण्याखाली वापरायला दिलेलं आहे का, ते कागदावर बघा. सिलिंडरला मंजुरी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, तिथं विचारता येईल. आणि मुदतीचा शिक्का वाचा. अशा बऱ्याच सिलिंडरांचं आयुष्य १५ वर्षांचं असतं.

नितीन (वडसा):
मग रीब्रीदर का नको? सोडलेला श्वास सोडा लाइममधून, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्यातून, फिरवून परत वापरायचा. शरीराला प्राणवायू लागतो साध्या कामात मिनिटाला लिटरभर, जड कामात जास्त. दोन लिटरची बाटली २०० बारला भरली तरी तासन्‌तास पुरते.

वैनगंगाकाठचा (पवनी):
नितीनभाऊ, हवा पुरेल, माणूस पुरणार नाही. चुना संपला की कार्बन डायऑक्साइड साचतो. प्राणवायू घटला तर कळायच्या आत शुद्ध जाते. निव्वळ प्राणवायूवर सहा मीटरखाली गेलं तर झटके येऊ शकतात. आमची पोरं वर्षातून पाच-सहा वेळा उतरतात, तेही हात दिसत नाही अशा पाण्यात. त्यांच्या हाती हे यंत्र मी देणार नाही. शिवाय बाटल्या दोन-तीन लिटरच्या, तिथं कंपोझिटनं वाचून वाचणार किती?

डोंगावाला (पवनी तालुका):
मी ढिवराचा, म्हणजे नदीत मासे धरणाऱ्यांचा पोरगा. तुमचं सिलिंडर कोणतंही असो, उतरायच्या आधी आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. धार कुठं वळते, डोह कुठं आहे, ते त्यांना ठाऊक. जागा चुकली तर सतरा मिनिटं काय अन् सत्तावीस काय.

साकोलीकर:
मीनाताई, सतरा मिनिटांचा हिशेब पटला. पण एकही नको, हे पटत नाही. जीव वाचवायचं सामान कोणी फुकट देत असताना परत पाठवायचं?

वैनगंगाकाठचा (पवनी):
आज चारही शिक्के टॉर्च लावून वाचले. दोन २००९ ची, त्यांची मुदत संपली. एकाचा शिक्का घासून गेलाय. चौथं २०१७ चं, अंगावर ओरखडा नाही. ते तेवढं घेतो, पण पाण्यासाठी नाही. डिझेल इंजिनाचा धूर साचलेल्या विहिरीत मोटार काढायला एक उतरतो, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. तिथं मुखवट्यासकट हेच सिलिंडर लागतं, ते बनलंच त्यासाठी. आधी जलदाब चाचणी करून घेऊ. साकोलीकर, तुमच्याकडं पाठपट्टी आणि मुखवटा असेल तर सांगा, न्यायला मी स्वतः येतो.