मदत हवी आहे: लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही, थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा नुसता वाहकपणा) असेल का?

बायकोला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे. सीबीसीत (रक्तपेशींची तपासणी) हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६४, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या, दशलक्षात) ५.६. गोळ्या नियमित घेऊनही फरक नाही. डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) सांगितली आहे. माझं हिमोग्लोबिन १४ आहे, तरी मलाही करावी लागेल का?

प्रतिसाद १
हो, आणि तिच्या रिपोर्टची वाट न बघता. आधी तिची, मग तुमची, असं एकेक करण्यात दिवस जातात आणि पुढच्या तपासण्यांची वेळ टळते. मायनर असलेल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा १३-१४ असतं, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नका. दोघांनी एकाच दिवशी सीबीसी आणि एचपीएलसी करा, तिचं फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा.

६४ भागिले ५.६ म्हणजे ११.४. हा भागाकार १३ च्या खाली आला की थॅलेसेमिया मायनरचा संशय बळावतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, पण त्यांची संख्याही सहसा घटते. इथे ती ५६ लाख आहे. अर्थात हा नुसता इशारा, निदान नव्हे.

प्रतिसाद २
एचपीएलसीत एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) बघा. ४ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमिया मायनर जवळपास नक्की. खरी गफलत ३.३ ते ३.८ च्या पट्ट्यात होते. लोहाची कमतरता असली की एचबीए२ खाली येतं आणि मायनर असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' वाटू शकतो. एरवी लोह भरून पुन्हा तपासतात. गरोदरपणात तेवढी सवड नसते, अशा वेळी सरळ डीएनए तपासणी करावी. अलीकडे रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, दात्याचं रक्त मिसळून आकडे बिघडतात. एचपीएलसीत सिकलसेलही (हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजार) दिसतो. एकाला सिकलसेलचा वाहकपणा आणि दुसऱ्याला बीटा मायनर, ही जोडीही बाळासाठी तितकीच काळजीची.

मायनर निघालं म्हणून लोह बंद करू नका. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह हवंच. फेरिटिन न बघता शिरेतून लोह मात्र घेऊ नका. फॉलिक ॲसिडचा डोस डॉक्टरांना विचारा, मायनरमध्ये बहुधा ५ मिलीग्रॅम देतात.

धागाकर्ता
आणि दोघंही मायनर निघालो तर?

प्रतिसाद १
प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर (थॅलेसेमियाचं गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी असलं तरी दुसऱ्या वेळी तेवढीच. आधी दोघांच्या रक्तातून जनुकीय दोष शोधतात, मग ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन बाळाची तपासणी होते. ती वेळ हुकली तर १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल. दोष शोधायलाच बरेच दिवस लागतात, म्हणून घाई. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका, बीटा मेजर त्यात दिसत नाही; जन्मतःही बाळ ठणठणीत असतं आणि ॲनिमिया सहा महिन्यांनंतर सुरू होतो.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम होतं. जाताना दोघांचे मूळ रिपोर्ट आणि सोनोग्राफी न्या. बायकोचं मायनर ठरलं तर तिच्या भावंडांनाही एचपीएलसी करायला सांगा, विशेषतः ज्यांचं लग्न व्हायचं आहे त्यांना.