सर्व्हिस 'अॅक्टिव्ह' दिसते, पण ती खरोखर तयार कधी झाली हे कसं ओळखायचं?

प्रश्न:
लिनक्स सर्व्हरवर एक बॅकग्राउंड सर्व्हिस आहे. सुरू होताना ती मोठा इंडेक्स मेमरीत वाचून घेते. कधी ५ सेकंद लागतात, कधी ४०. तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) 'आफ्टर' (पहिलीनंतरच सुरू कर) आणि 'रिक्वायर्स' (पहिली हवीच) दोन्ही लिहिलंय. तरी बूट झाल्यावर दुसरी घाई करते, 'कनेक्शन रिफ्यूज्ड' खाते आणि पडते. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) लेखी मात्र पहिली केव्हाच सुरू झालेली असते. सध्या मध्ये 'स्लीप ३०' ठोकलंय. रोज २५ सेकंद फुकट जातात आणि ज्या दिवशी ४० लागतात त्या दिवशी तेही पुरत नाही.

उत्तर १:
युनिटमध्ये 'टाइप' लिहिलेला नसणार. मग तो 'सिंपल' धरला जातो, आणि 'सिंपल'मध्ये प्रोसेस फोर्क झाली (म्हणजे नवी प्रोसेस जन्मली) की सर्व्हिस सुरू झाली असं मानतात. तोवर बायनरी (प्रोग्रामची फाइल) एक्झेकसुद्धा झालेली, म्हणजे चालायला लागलेली नसते. म्हणजे 'आफ्टर' इमानदारीत पाळलं जातंय, पण ते ज्या क्षणाची वाट बघतंय तो क्षणच फार लवकर येतोय. 'टाइप=एक्झेक' केल्याने फक्त बायनरी सापडली की नाही एवढं कळेल, इंडेक्सचं काही कळणार नाही.

'टाइप=नोटिफाय' करा. मग सर्व्हिसला 'नोटिफाय सॉकेट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून एका युनिक्स डेटाग्राम सॉकेटचा (त्याच मशीनवर निरोप पाठवायचा मार्ग) पत्ता मिळतो. इंडेक्स वाचून झाला, पोर्टवर लिसन सुरू झालं, की त्या सॉकेटवर 'रेडी=१' एवढाच मजकूर पाठवायचा (अर्थात रोमन कॅपिटल अक्षरांत). लायब्ररी नसली तरी दहा-पंधरा ओळींत होतं. पत्ता '@' ने सुरू होत असेल तर त्या जागी शून्य बाइट घालायचा, हे मात्र बरेच जण विसरतात.

निरोप येईपर्यंत युनिट 'अॅक्टिव्हेटिंग' राहतं आणि दुसरी सर्व्हिस थांबते. मुदत सहसा ९० सेकंद असते; इंडेक्स वाढत जाणार असेल तर 'टाइमआउटस्टार्टसेक' आताच वाढवून ठेवा.

उत्तर २:
वरच्याला जोड. सर्व्हिस शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर मुख्य पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) शेलचा असतो आणि निरोप पाठवते त्याने सुरू केलेली चाइल्ड प्रोसेस. 'नोटिफायअॅक्सेस' (निरोप कोणाचा मान्य करायचा ही सेटिंग) मुळात 'मेन' असल्यामुळे तो निरोप टाकून दिला जातो. सर्व्हिस उत्तम चालू असते, तरी ९० सेकंदांनी टाइमआउट म्हणून मारली जाते. जर्नलमध्ये (सिस्टमडीचा लॉग) निरोप कुठल्या पीआयडीकडून आला आणि का नाकारला, याची ओळ सापडते. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी 'एक्झेक' लिहा, शेलची जागा प्रोग्रामच घेईल. 'नोटिफायअॅक्सेस=ऑल' नेही भागतं, पण मग त्या सर्व्हिसमधल्या कुठल्याही प्रोसेसला 'मी तयार' म्हणायची मुभा मिळते.

प्रश्नकर्ता:
पण पहिल्या सर्व्हिसचा सोर्सच हातात नाही, नुसती बायनरी आहे. पोर्ट उघडला की नाही एवढं तपासलं तर चालेल?

उत्तर ३:
नाही चालणार, निदान भरवशाने नाही. प्रोग्रामने लिसन केलं की हँडशेक (कनेक्शन जोडतानाची देवाणघेवाण) कर्नलच पुरा करतो आणि कनेक्शन रांगेत ठेवतो. प्रोग्रामने अॅक्सेप्ट केलं नसलं तरी क्लायंटला कनेक्शन झालंच असं दिसतं. आधी लिसन आणि मग इंडेक्स, असा क्रम असलेला प्रोग्राम या तपासणीत बिनदिक्कत पास होतो.

खरी, पण हलकी विनंती पाठवा. 'एक्झेकस्टार्टपोस्ट'मध्ये (सर्व्हिस सुरू केल्यावर चालवायची कमांड) छोटी स्क्रिप्ट द्या: दर अर्ध्या सेकंदाला कर्लने (वेब विनंती पाठवणारी कमांड) विचारायचं, प्रत्येक वेळी २ सेकंदांची मर्यादा, नीट उत्तर आलं की बाहेर. ही स्क्रिप्ट संपेपर्यंत 'आफ्टर'वाले थांबतात आणि स्टार्टची मुदत तिलाही लागू होते. दोन गोष्टी सांभाळा. त्या ओळीत थेट लूप लिहू नका, तिथे शेल नसतो. आणि कर्लला 'वजा एफ' द्या, नाहीतर ५०३ (सेवा उपलब्ध नाही) उत्तर आलं तरी तो एक्झिट कोड ० देतो आणि तुमची तपासणी खूश.

उत्तर ४:
हेच डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं साधन) करणाऱ्यांसाठी: नुसतं 'डिपेंड्स ऑन' म्हणजे कंटेनर सुरू झाला एवढंच. हेल्थचेक लिहून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घालावी लागते. पोस्टग्रेस डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये एक खोच आहे. पहिल्या वेळी डेटाबेस तयार करताना ती एक तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर चालवते आणि मग तो बंद करून खरा सुरू करते. 'पीजी इझरेडी' (डेटाबेस तयार आहे का ते तपासणारी कमांड) होस्ट न देता चालवलं तर ते त्या तात्पुरत्यालाच 'तयार' म्हणतं. होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या. एक्झिट कोड ० म्हणजे कनेक्शन घेतोय, १ म्हणजे जिवंत आहे पण नाकारतोय, २ म्हणजे उत्तरच नाही.

आणि मूळ प्रश्नातलं 'रिक्वायर्स': पहिली सर्व्हिस तुम्ही स्वतः रीस्टार्ट केलीत तर दुसरीही होते. पण पहिली आपणहून कोसळली तर दुसरी तशीच चालू राहते, त्यासाठी 'बाइंड्सटू' आहे. त्यापेक्षा दुसरीलाच पुन्हा जोडायला शिकवलेलं बरं: थांबायचा वेळ १, २, ४ असं वाढवत ३० सेकंदांपर्यंत, आणि दरवेळी थोडा कमीजास्त फरक ठेवून. नाहीतर पहिली उठल्या उठल्या सगळे क्लायंट एकदम तिच्यावर तुटून पडतात.