हिंदीचा जीआर मागे घेतला, याला माघार म्हणायचं का?

कोथरूडकर: १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर आला, १७ जूनला शब्द बदलून दुसरा आला आणि २९ जूनला दोन्ही रद्द, बरं वाटलं पण आधी पालकांना विचारलं का नाही? माझी मुलगी पहिलीत आहे हो.

पेठेतला: अहो ५ जुलैचा मोर्चा, दोन्ही ठाकरे एकत्र येणार म्हटल्यावर सरकार हललं.

वारजेकर: मागे आले म्हणून हिणवू नका प्लीज. शेती कायद्यांच्या वेळी शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले तेव्हा कुठे १९ नोव्हेंबर २०२१ ला ते मागे घ्यायची घोषणा झाली, तोवर किती जीव गेले, इथे निदान अडीच महिन्यांत ऐकलं.

कोथरूडकर: पटलं. पण जीआर रद्द करतानाच तिसरी भाषा कधीपासून शिकवायची ते ठरवायला नरेंद्र जाधव समिती नेमली, म्हणजे विषय संपला नाही.