शेतावरून येणारी आठवड्याची टोपली: कशी संपवता? (अनुभव धागा)

शेतकऱ्याकडून किंवा शेतकरी गटाकडून दर आठवड्याला थेट भाजी घेणाऱ्यांसाठी हा धागा. बाजारात आपण पदार्थ ठरवून भाजी आणतो, इथे उलटं असतं. शेतात जे निघालं ते दारात येतं आणि मग पदार्थ ठरतो. पावसाळ्यात तर निम्मी टोपली पाल्याचीच.

विनंती एवढीच की माप लिहा आणि पदार्थ कुठे फसतो तेही लिहा. 'अंदाजाने' आणि 'चवीनुसार' फक्त मिठाला माफ. वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिलीची धरू. चमचा म्हणजे पोह्यांचा.

सुरुवात मीच करते. भाजी टिकणार की सडणार हे टोपली आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. मुळा, बीट, गाजर, नवलकोल यांचा पाला आल्याआल्या कापून वेगळा करायचा. राहू दिला तर पानं कंदातलं पाणी ओढत राहतात आणि दोन दिवसांत मुळा रबरासारखा वाकतो. पालेभाजी धुऊन ठेवायची नाही. पिवळी आणि चिरडलेली पानं काढायची, जुडीचा दोरा सोडायचा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. कापड ओलसर झालं की बदलायचं. टोमॅटो फ्रिजबाहेर आणि पाल्यापासून लांब ठेवावेत, कारण पिकत्या टोमॅटोमधून निघणाऱ्या इथिलीन वायूने मेथी-कोथिंबीर लवकर पिवळी पडते. वांगी आणि काकडी यांना फार गारवा सोसत नाही. वांग्यावर डाग पडतात, काकडी बुळबुळीत होते, त्यामुळे ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवलेली बरी.

खायचा क्रम: पहिले दोन दिवस माठ, चुका, शेपू, मेथी. मग भेंडी, गवार, दोडका. शेवटी कोबी, बीट, गाजर, सुरण. न कापलेला लाल भोपळा कोपऱ्यात ठेवून विसरलात तरी चालतं.

देठासकट

अळूपासून सुरू करू, कारण श्रावणात हे सलग चार आठवडे येतं आणि पहिल्याच आठवड्यात लोक खाजेला घाबरून सोडून देतात. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून खाजतं. चिरताना हाताला तेल लावायचं. चिंचेने फरक पडतो, पण कच्चट राहिलेलं अळू कितीही चिंच ओतली तरी घशाला लागणारच.

फदफद्यासाठी १० मध्यम पानं, देठ सोलून त्यांचे तुकडे, पाव वाटी चणाडाळ आणि पाव वाटी दाणे (दोन्ही ४ तास भिजवून), मुळ्याच्या ८-१० चकत्या. कुकरमध्ये एका भांड्यात अळू नि मुळा, दुसऱ्यात डाळ-दाणे, ४ शिट्या. अळू रवीने घोटायचं, त्याला २ चमचे बेसन लावायचं. मग तेल, मोहरी, हिंग, हळद, ८-१० मेथीदाणे, २ मिरच्या अशी फोडणी करून त्यावर अळू, डाळ-दाणे आणि २ वाट्या पाणी. उकळी आल्यावर ३ चमचे चिंचेचा कोळ, लिंबाएवढा गूळ, १ चमचा गोडा मसाला, आणि मंद आचेवर पूर्ण १० मिनिटं.

फसण्याची जागा एकच: चिंच आधी घालणं. आंबट पाण्यात डाळ शिजत नाही, दाताखाली खडे येतात. नंतर तासभर उकळलंत तरी ती मऊ होत नाही.

वड्या सुटतात त्याला तीन कारणं. पानामागची जाड शीर लाटण्याने दाबलेली नसते, पीठ सरसरीत असतं, किंवा उंडा गरम असतानाच कापलेला असतो. ८ पानांना दीड वाटी बेसन, २ चमचे तांदळाचं पीठ, ३ चमचे घट्ट कोळ, तेवढाच गूळ. पीठ बोटाने पसरावं लागेल इतकं घट्ट हवं. २० ते २५ मिनिटं वाफ, मग पूर्ण गार करून कापायच्या.

ज्वारीची कणी

+१, आंबट शेवटी. अंबाडीला तर हा नियम दुप्पट लागू, कारण तिथे भाजीच आंबट. त्यामुळे डाळ आणि कण्या वेगळ्याच शिजवायच्या.

अंबाडीची निवडलेली ४ वाट्या पानं उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवून चाळणीत ओतायची आणि दाबून पाणी काढून टाकायचं. आंबटपणा निम्म्यावर येतो. ज्यांना दातात कळ येणारी अंबाडी आवडते त्यांनी पाणी ठेवावं, माझं काही म्हणणं नाही. पाव वाटी तूरडाळ, २ चमचे ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या, २ चमचे दाणे एकत्र मऊ शिजवून पानांबरोबर घोटायचं, मीठ नि सुपारीएवढा गूळ घालायचा. फोडणी वरून, आणि तेल सढळ: ४ चमचे तेलात १०-१२ ठेचलेल्या लसूणपाकळ्या लाल होऊ द्यायच्या, आच बंद करून मगच लाल तिखट. आचेवर तिखट टाकलं की काळं पडतं, सगळी भाजी जळकी लागते. सोबत ज्वारीची भाकरी.

अंबाडी, चुका, चिंचेचं काहीही अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडी कढईत नको. रंग काळवंडतो आणि धातूची चव उतरते.

शिरासुद्धा

दोडका, दुधी, पडवळ, काकडी या वेलवर्गीय भाज्यांबद्दल रेसिपीच्या आधी एक गोष्ट. चिरण्यापूर्वी दोन्ही टोकांचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खं फळ टाका. 'कडू भाग काढून बाकीचं घेऊ' असं करू नका. हा कडवटपणा कुकुर्बिटॅसिनचा, शिजवून जात नाही आणि जास्त असेल तर उलट्या-जुलाबांपासून पुढे गंभीर त्रास होतो. दुधीच्या रसामुळे झालेल्या विषबाधांवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञगटाचा अहवाल २०१२ साली आला, त्यातही कडू रस अजिबात घेऊ नये असंच सांगितलं आहे.

आता दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका आधी धुऊन पूर्ण पुसायचा, मग शिरा काढायच्या. शिरा काढून मग धुतल्या की चटणी ओली राहते, हीच नेहमीची चूक. १ वाटी शिरा बारीक चिरून २ चमचे तेलात मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, कुरकुरीत होईपर्यंत. २ चमचे तीळ, ३ चमचे सुक्या खोबऱ्याचा किस, ४ लसूणपाकळ्या त्यातच भाजायच्या. गार झाल्यावर तिखट-मीठ घालून हाताने चुरायची. मिक्सर नको, तेल सुटून गोळा होतो.

टोपलीतला मुळा

मुळ्याच्या पाल्याला गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितोय. पीठ पेरून करा. ३ वाट्या बारीक चिरलेला पाला, अर्धी वाटी बेसन (कोरडंच, ४-५ मिनिटं भाजून घेतलेलं), ३ चमचे तेल. मोहरी-हिंग-हळद-मिरचीच्या फोडणीवर पाला, मीठ, झाकण न ठेवता ५ मिनिटं. सुटलेलं पाणी पुरतं आटलं की बेसन भुरभुरवायचं, हलवायचं, मग झाकण ठेवून दोन वाफा. भाजी गिच्च होते ती पाणी आटायच्या आत पीठ पेरल्यामुळे. घशात अडकते ती तेलात कंजुषी केल्यामुळे.

मुळ्याचा किस मीठ लावून पिळला तर ते पाणी ओतू नका, थालीपिठाची भाजणी त्यातच भिजवा. फक्त भाजणीला वेगळं मीठ घालू नका.

हडसनकाठची परडी

परदेशातून भर. अमेरिकेत याला सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर) म्हणतात. १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांपासून सुरुवात झाली. हंगामाचे पैसे आधी भरायचे, पीक बुडालं तर टोपली हलकी येते, तक्रार नाही. जून ते ऑक्टोबर आमच्याकडे येणाऱ्या अनोळखी भाज्यांची मराठी सोय अशी:

केल: मधली दांडी काढून, पानं बारीक चिरून, वर दिल्याप्रमाणे पीठ पेरून. मात्र पान जाड, त्यामुळे पिठाच्या आधी झाकून ८ मिनिटं शिजवावं लागतं, नाहीतर चघळत बसा.

चार्ड: पानांची ताकातली पातळ भाजी चाकवतासारखीच होते. ४ वाट्या पानं शिजवून घोटायची, २ चमचे बेसन दीड वाटी ताकात गुठळी न राहता कालवायचं आणि गॅस मंद करून घालायचं. बेसन न लावलेलं ताक मोठ्या आचेवर फाटतं. दांड्यांची वेगळी भाजी, माठाच्या देठांसारखी.

लसणाच्या दांड्या: जूनमध्ये दोन-तीन आठवडेच येतात. १ वाटी तुकडे, ४ हिरव्या मिरच्या, थोडं मीठ, तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत परतून खलबत्त्यात ठेचायचं. कळी फुगलेली असेल तर दांडी जून झाली असं समजा, खालचा चिवट भाग काढा.

झुकिनी: ऑगस्टमध्ये आवरत नाही. २ वाट्या किस आणि दीड वाटी भाजणी मिसळून १० मिनिटं ठेवा, मगच हवं तर पाणी घाला. बहुतेक वेळा लागतच नाही. ही पण भोपळ्याच्याच कुळातली, तेव्हा 'शिरासुद्धा' यांनी सांगितलेली चव इथेही बघा.

रुबार्ब (rhubarb, ऐकायला 'रुबाब'च; लालसर आंबट दांड्या): मेथांबा उत्तम होतो. २ वाट्या तुकडे, पाऊण वाटी गूळ, १ छोटा चमचा मेथीदाणे. कैरीपेक्षा फार लवकर विरघळतो, ५-६ मिनिटांत गॅस बंद. आणि याची मोठाली पानं अळूसारखी दिसतात म्हणून वड्यांना घेऊ नका. ती विषारी असतात, शिजवूनही चालत नाहीत. फक्त दांडी खायची.

घोळाणा

थंडी पडली की हरभऱ्याचा पाला येईल, त्यासाठी आताच लिहून ठेवते. हा खुडलेला पाला धुवायचा नाही. पानावर जी आंब असते तीच चव. शेतात पहाटे पिकावर कापड फिरवून आंब गोळा करतात ती हीच.

घोळाणा: २ वाट्या कोवळा पाला, १ बारीक चिरलेला कांदा, २ चमचे दाण्याचं कूट, तिखट, मीठ, १ चमचा कच्चं तेल. हाताने चुरडून लगेच वाढायचं. ठेवलं की पाणी सुटतं. जास्तीचा पाला सावलीत ३-४ दिवस वाळवून डब्यात भरायचा. उन्हात वाळवलात तर रंग जातो आणि वास गवताचा येतो. वाळक्या भाजीचं प्रमाण अर्धी वाटी चुरा, ३ वाट्या पाणी, २ चमचे ज्वारीचं पीठ, आणि लसणाची फोडणी.

देठासकट

@घोळाणा, न धुता खायचं तर फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारूनच. थेट भाजी घेण्याचा तो एक फायदा आहे, विचारता येतं. घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारे बसतात. उत्तर गुळमुळीत आलं तर धुवा, आंब गेली तर गेली.

घोळाणा

मान्य. कच्चा खाताना तर नक्कीच.

धागाकर्ती

धुण्याचा विषय निघालाच आहे तर: पाला पाण्यात बुडवून, हलवून, वर उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीत उपडं केलं की तळाची माती पुन्हा पाल्यावर बसते. पाणी तळाला स्वच्छ दिसेपर्यंत, पावसाळ्यात तीन वेळा तरी. मोहरी-मुळ्याच्या पानांमागे मावा असेल तर मिठाच्या पाण्यात १० मिनिटं. फ्लॉवरचे तुरे सुटे करूनच बुडवायचे, अख्ख्या गड्ड्यातली अळी बाहेर येत नाही.

ज्वारीची कणी

आठवड्याच्या शेवटी उरलेलं एकेक मूठ सगळं घ्यायची रीत आपल्याकडे आहेच: ऋषीची भाजी. भाद्रपद शुद्ध पंचमीलाच करायची असा कायदा नाही (सासूबाईंना सांगू नका).

यात मसाला नाही, म्हणून क्रम चुकला की चव लपवायला काही नाही. सुरणाच्या फोडी १५ मिनिटं चिंचेच्या पाण्यात ठेवून, ते पाणी ओतून द्यायचं. जाड बुडाच्या पातेल्यात आधी सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, दाणे, माठाचे आणि अळूचे सोललेले देठ, अळूची चिरलेली पानं, १ वाटी पाणी. झाकून १५ मिनिटं. मग लाल भोपळा नि कच्चं केळं, ५ मिनिटं. मग पडवळ, दोडका, भेंडी, आणखी ७-८ मिनिटं. सुरण सुरीने सहज कापला गेला की मीठ, २ चमचे चिंचेचा कोळ, १ वाटी ओलं खोबरं नि ४ हिरव्या मिरच्यांचं वाटण, आणि एक उकळी. वरून तूप. भोपळा सुरणाबरोबर टाकलात तर त्याचा लगदा होतो, आणि भेंडी आधी गेली तर तार येते.

शिरासुद्धा

भेंडी उभी न चिरता दोन इंचाचे तुकडे करून, थोड्या तेलावर ५ मिनिटं आधी परतून घातली तर तारही येत नाही. उपवासाला तेल चालत नसेल त्या घरी तुपावर परता.